वेळेचं व्याज कमीत कमी शिल्लकीवर मिळतं



आपण सगळे इथं जुन्या आठवणी लिहितो. वाडे, लग्नं, शाळेतले मास्तर, ताप्तीचे पूर. वाचताना मन भरून येतं. आज मात्र आठवणींच्या जोडीला एक मत मांडणार आहे. कुणाला पटेल, कुणाला नाही. पोस्ट थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या राजपुऱ्यात साठी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी दोन वाक्यं नेहमी असतात. एक, “दिवस जाता जात नाही.” आणि दुसरं, “अहो, वेळच मिळत नाही.” गंमत अशी की ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो, आणि दोन्ही वेळा खरं बोलतो. दुपारी ओट्यावर बसलेल्या भाऊंना दिवस खायला उठतो. त्याच भाऊंना सांगा, की घरातल्या ट्रंकेत तुमच्या आजोबांचे मोडीतले कागद पडलेत, एकदा काढून ऊन दाखवा, यादी करा. लगेच म्हणतील, “करायचंय हो साहेब, पण सवड कुठंय?”

या दोन वाक्यांचा मेळ बसवायचा मी बरेच दिवस प्रयत्न करत होतो. बँकेत चाळीस वर्षांच्या आसपास काढली, मेळ बसल्याशिवाय उठायची सवय नाही. माझा निष्कर्ष असा : आपल्याकडे वेळ कमी नाही. त्याचे इतके तुकडे झालेत की एकही तुकडा कामाचा उरत नाही. आणि दुसरं, त्या वेळेचा हिशेब विचारणारं आता कुणी राहिलेलं नाही.

पूर्वी दिवसाला खुंट्या होत्या. ताप्ती मिलचा भोंगा, मशिदीतली अजान, देवळातली काकड आरती, शाळेची घंटा. घड्याळ नसलेल्या घरातही किती वाजले ते कळायचं. मोहल्ल्यात मागांची खटखट सुरू झाली की दिवस सुरू, वीज गेली की सगळं एकदम चिडीचूप. बऱ्हाणपूर हे कापडाचं गाव. आधी हातमाग, मग यंत्रमाग. मागावरचा कारागीर एका वेळी चार-चार माग सांभाळतो. आपल्याला वाटतं याचं लक्ष चार ठिकाणी. पण त्याला विचारा. तो एकच गोष्ट बघत असतो, धागा तुटला का. त्याचं मन चार मागांवर असलं तरी धाग्यावर एकच असतं. लक्ष हललं तर कापडात डाग राहतो आणि मजुरी कापली जाते. त्याचा हिशेब रोज संध्याकाळी मीटरमध्ये होतो.

आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांची मजुरी कुणी कापत नाही. पेन्शन पहिल्या तारखेला जमा होते, आदला महिना आपण ज्ञानेश्वरी वाचण्यात घालवला की रील्स बघण्यात, हे ती विचारत नाही. सोय म्हणावी तर सोय, आणि घात म्हणावा तर घातही हाच.

आता थोडी बँकेची गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं, हे जुन्या खातेदारांना आठवत असेल. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजायला लागले. त्याआधी नियम वेगळा होता. महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. समजा खात्यात १० हजार आहेत. १५ तारखेला ९ हजार काढले, १७ तारखेला परत भरले. दोनच दिवस पैसे बाहेर होते. तरी त्या महिन्याचं व्याज १ हजारावरच. खातेदार काउंटरवर येऊन भांडायचे, “साहेब, महिनाभर तर पैसे तुमच्याकडंच होते ना!” त्यांना समजावता समजावता तोंड दुखायचं. नियम कडकच होता, आणि तो बदलला ते चांगलं झालं.

पण मनाच्या खात्याला अजून तो जुनाच नियम लागू आहे. तिथं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पोचलेलं नाही.

सकाळी दहा ते बारा तुम्ही पोथी घेऊन बसलात, किंवा नातवाला गणित शिकवायला बसलात, किंवा जुने फोटो लावायला घेतलेत. दोन तास. त्यात पाच वेळा मोबाइल वाजला, पाच वेळा बघितला, प्रत्येक वेळी एकच मिनिट. हिशेबानं गेली पाच मिनिटं, उरली एकशे पंधरा. पण हातात काय पडलं? व्याज मिळतं ते सर्वांत कमी शिल्लकीवर. मन जितकं सलग थांबलं तितक्यावर. दर वेळी वाक्य कुठं सोडलं होतं ते शोधायचं, फोटोतल्या माणसाचं नाव ओठांवर आलेलं पुन्हा मागं जायचं. बारा वाजता वाटतं, दोन तास बसलो, पण झालं काहीच नाही. मग तोच माणूस म्हणतो, “वेळच मिळत नाही.” तो खोटं बोलत नाही. त्याचं व्याजच तेवढं जमा झालंय.

मोबाइलला शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. मोबाइल नसता तर मुलगा पुण्यात, नातं परदेशात, त्यांचं तोंड दिसलं नसतं. ही पोस्टही मोबाइलवरच टाकतोय. शिवाय तुकडे फक्त मोबाइल करत नाही. दर अर्ध्या तासाला उठून दारात कोण आलं बघणं, एकच बातमी चार चॅनेलांवर पाहणं, एकाच वर्षी चार मंडळांचं सभासद होणं, हेही तुकडेच. मोबाइलनं ते सोपं केलं इतकंच.

आता आपल्या गावाकडं बघू. वेळेबद्दल सांगायला मला बऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही. याला खूनी भंडाराही म्हणतात. लहानपणी आपण तिथं सहलीला गेलो असू, पण मोठेपणी किती जणांनी नीट समजून घेतला?

जहांगीर बादशहाच्या काळातली गोष्ट. अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे शाळेत ज्यांचे दोहे शिकलो ते रहीम, इथले सुभेदार होते. शहर मोठं, फौजेचा तळ मोठा, पाण्याची ददात. १६१५ साली फारसी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांनी त्यावर तोड काढली. सातपुड्याच्या उतारावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत झिरपत ताप्तीकडं सरकत राहतो. हे पाणी तेव्हाही होतं, त्याच्या हजार वर्षं आधीही होतं. पण ते थेंबाथेंबानं, इकडून तिकडून, कुणाच्या कामी न येता नदीला मिळायचं. त्यांनी काय केलं, तर त्या झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ओळीनं कुंड्या खोदल्या, शंभराच्या वर, आणि जमिनीखालून एका बोगद्यानं त्या एकमेकींना जोडल्या. बोगद्याला हलकासा उतार दिला. बस. ना मोट, ना रहाट, ना पंप. पाणी आपल्या वजनानं चालत जाळी करंजापर्यंत यायचं आणि तिथून नळांनी शहरात. आज लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरलं की अजूनही ते स्वच्छ पाणी वाहताना दिसतं. चारशे वर्षं होऊन गेली. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचं नाव गेलं, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली.

मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या माणसानं पाण्याचा एक थेंबही वाढवला नाही. जे होतं तेच एका वाटेला लावलं. निवृत्तीनंतर आपला वेळही असाच असतो. झिरपत असतो, दिसत नाही, आणि शेवटी नदीला मिळून जातो.

आणि एक गोष्ट. त्या कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर बसतात. पाण्यातलाच क्षार, रोज जरासा. साफ केले नाहीत तर वाट अरुंद होत जाते. वर जंगल तुटलं, बोअरवेल वाढल्या, तसं मुरणारं पाणीही कमी झालं. म्हणजे एकदा खोदून ठेवलं आणि झालं, असं चारशे वर्षांच्या भंडाऱ्याचंही नाही. लावून घेतलेल्या सवयीचंही तसंच. पहिला आठवडा उत्साहात जातो, मग रोज एक थर बसत जातो. आज पाहुणे, उद्या बाजार, परवा कंटाळा. खरवडत राहावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. कशासाठी एवढं? जन्मभर राबलो, मुलं मार्गी लावली, घर बांधलं. आता दोन घटका आरामात बसलो तर कुणाचं काय बिघडलं?

हा प्रश्न मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण विचारणारे आळशी नसतात. ज्यांनी उन्हात सायकलवर वसुलीसाठी खेडी पालथी घातली, ज्यांनी तीस वर्षं भुसावळपर्यंत अपडाऊन केलं, त्यांना आराम मागायचा पूर्ण हक्क आहे. फक्त एक हिशेब करून बघा. साठ ते पंचाहत्तर अशी पंधरा वर्षं धरली आणि रोज दोनच तास मोजले, तर जवळजवळ ११ हजार तास होतात. आठ तासांची नोकरी आणि वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले तर ही झाली पाच वर्षांची पूर्ण नोकरी. पाच वर्षांत आपण बँकेत एक शाखा उभी करत होतो. बाकीचे बावीस तास झोपा, फिरा, गप्पा मारा, देवळात बसा. मी दोनच तासांबद्दल बोलतोय.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण त्यांच्या आयुष्याचा हा भाग फार जणांना माहीत नसतो. सरदेसाई तुमच्या-माझ्यासारखे नोकरदार होते. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी साडेतीन दशकं नोकरी केली. १९२५ मध्ये, वयाच्या साठीत, निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेतला जाऊन राहिले. त्यानंतर मुंबई सरकारनं पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापायचं काम त्यांच्याकडं दिलं. मोडी कागदांचे हजारो रुमाल. त्यातून निवडून, लावून, त्यांनी पाचेक वर्षांत ४५ खंड बाहेर काढले. तेव्हा ते पासष्ठ-सत्तरीचे होते. इंग्रजीतला मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये आला, तेव्हा वय ८० च्या वर. १९५७ मध्ये पद्मभूषण, १९५९ मध्ये निधन. म्हणजे त्यांचं फार मोठं काम पेन्शन सुरू झाल्यावरचं आहे.

दुसरं नाव महामहोपाध्याय पां. वा. काणे. मुंबई हायकोर्टात वकिली करायचे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० ला आला, शेवटचा १९६२ ला. बत्तीस वर्षं एकच विषय. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं. ते वयाच्या ८३ व्या वर्षी.

तुम्ही म्हणाल, साहेब, ते रियासतकार, ते भारतरत्न. आम्ही राजपुऱ्याची साधी माणसं. बरोबर आहे. मीही बी. कॉम. माणूस, मला इतिहास लिहिता येत नाही. पण त्यांच्याकडून विद्वत्ता घ्यायची नसली तरी एक साधी गोष्ट घेता येते. दोघांनीही आयुष्याच्या उतरणीला एक मोठं काम धरलं आणि ते संपेपर्यंत सोडलं नाही. एवढं करायला विद्वान असावं लागत नाही.

आणि काम आपल्यासमोर पडलेलं आहे. बऱ्हाणपुरात मराठी घरं आली कशी, हे आपल्याला ढोबळ माहीत असतं. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडं आले, पुढं शिंद्यांचा अंमल झाला. त्या निमित्तानं आणि त्याच्या मागंपुढं कोण कारकुनीला आलं, कोण व्यापाराला, कोण खानदेशातून शेतीला. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती भोपाळ झाली आणि आपण हिंदी मुलखातले मराठी झालो. २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला. हे सगळं पुस्तकात मिळेल. पण आपल्या घरातलं कोण कधी आलं, कुठून आलं, का आलं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते ट्रंकेतल्या कागदांत आहे आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या चार-दोन आज्यांच्या डोक्यात आहे. नातवंडं हिंदी आणि इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी मराठी अडखळत वाचतात, मोडीचं तर नावच सोडा. भिंतीवरच्या ग्रुप फोटोत पणजोबा कोणते, हे सांगणारं माणूस गेलं की तो फोटो भंगारात जातो. मी जाताना पाहिलाय.

म्हणून मला वेळेचा प्रश्न केवळ आपल्या मन:शांतीचा वाटत नाही. आपल्या पिढीकडं जे आहे ते पुढच्या पिढीकडं पोचायला एकच पूल आहे, तो म्हणजे आपले हे रिकामे तास. पूल वापरला नाही तर तोही काही वर्षांत राहणार नाही.

कामं मोठी असायला नकोत. फोटोमागं पेन्सिलीनं नावं आणि अंदाजे साल लिहिणं. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करणं, तोच मोबाइल इथं कामाला येतो. घरातल्या कागदांची यादी करणं, मोडी वाचता येणाऱ्याकडून निदान तारीख आणि विषय लिहून घेणं. आपल्याकडं दराब्याचं प्रमाण, भरिताच्या वांग्याची निवड, केळीच्या बागेतली एखादी जुनी युक्ती, हे लिहून ठेवणं. मोहल्ल्यातल्या एका पोराला वर्षभर शेकडेवारी आणि व्याजाची गणितं पक्की करून देणं. एकालाच. दहा जणांचा क्लास काढलात की फळा, खडू, वर्गणी, अध्यक्ष, सचिव, सगळं मागून येतं आणि काम बाजूला राहतं.

माझ्यापुरतं सांगतो. मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा घरच्या पडवीत बसतो. कुणाचा नॉमिनीचा फॉर्म, कुणाचं फॅमिली पेन्शन, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. २०१४ पासून जीवन प्रमाण आलं, अंगठा किंवा चेहरा दाखवून घरबसल्या दाखला जातो, पण म्हाताऱ्या माणसाला ते करून कोण देणार? बायका येतात, नवऱ्याचं जुनं पासबुक घेऊन. दहा वर्षं व्यवहार नसलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ती बुडत नाही, वारसाला मागता येते, हेच त्यांना माहीत नसतं. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर अशा ठेवी शोधता येतात. मागं एका ताईंच्या यजमानांची मुदतठेव अशीच सापडली. रक्कम फार नव्हती. पण ताई म्हणाल्या, “काका, त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण माझ्यासाठी ठेवली होती.” त्या दिवशी मला माझ्या दोन तासांचं व्याज मिळालं.

हे सांगितलं ते फुशारकीसाठी नाही. एक गोष्ट लक्षात आली म्हणून. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असली की लोक येतात, आणि लोक येणार म्हटलं की आपल्याला बसावंच लागतं. “कधीही या हो” म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं आणि मीही बसलो नसतो. वेळ आपण पाळत नाही, आपली वाट बघणारं माणूस आपल्याकडून ती पाळून घेतं.

आता एक कडू मुद्दा. पुरुषमंडळींनी रागावू नये.

निवृत्ती, रिकामा वेळ, वेळ जात नाही, ही सगळी आपली भाषा आहे. घरातल्या बाईला विचारा. तिला साठीला निरोप समारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ मिळालं नाही. सकाळचा चहा, दहाचा नाश्ता, दुपारची भाकरी, चारचा चहा, आणि आता तुम्ही दिवसभर घरात म्हणून मधले दोन चहा जास्त. तिचा दिवस आपल्यापेक्षा जास्त तुकड्यांचा आहे आणि त्यातले बरेच तुकडे आपण पाडलेले आहेत. आपण सार्थ काहीतरी करायला बसलो आणि त्यासाठी पाण्याचा पेला तिनं आणून द्यायचा, तर तो वेळ आपण तिच्या खात्यातून काढून आपल्या खात्यात भरला. बँकेत याला दुसरं नाव आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला आपला वेळ सत्कारणी लावायचाय त्यानं आधी घरातलं एक काम कायमचं अंगावर घ्यावं. भाजी निवडणं असो, दुपारचा चहा असो, पाणी भरणं असो. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशात पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. पाणी दारात आलं ही मोठी गोष्ट. बायकांचे कितीतरी तास सुटले. ते सुटलेले तास आपल्या जादा चहात जाऊ नयेत. ओव्या तिलाच येतात, प्रमाणं तिलाच पाठ आहेत, नात्यागोत्याचा सगळा नकाशा तिच्याच डोक्यात आहे. तिला सलग दोन तास मिळाले तर आपल्या समाजाचा अर्धा इतिहास लिहून होईल.

आणि दुसऱ्या बाजूनंही बोलतो, नाहीतर वाटेल की हा माणूस प्रत्येक मिनिटाला कामाला जुंपणार. तसं नाही. सकाळी फिरून आल्यावर मावा जलेबी खात चौघांत बसणं हा वाया गेलेला वेळ नव्हे (साखर असेल तर डॉक्टरांना विचारा). हरिपाठाला बसणं, राजघाटावर नुसतं ताप्तीकडं बघत बसणं, आजारी मित्राच्या उशाशी काही न बोलता तासभर थांबणं, हे तर फार मोलाचे तास. माझी अट इतकीच, की जिथं बसलात तिथं पूर्ण बसा. मित्राच्या उशाशी बसून दुसऱ्या मित्राचे मेसेज वाचले तर दोघांनाही काही मिळालं नाही. गप्पा मारायच्या तर मन लावून मारा. झोपायचं तर निवांत झोपा. अर्धवट झोप, अर्धवट गप्पा आणि अर्धवट काम, यानं दिवस भरतो पण शिल्लक शून्य राहते.

शेवटी जे माझ्या अनुभवाला आलं ते चार ओळींत.

काम एकच घ्यावं, आणि त्याला शेवटची तारीख असावी. “आयुष्यभर करीन” म्हणणारं काम आठ दिवसांत थांबतं, “दिवाळीपर्यंत दोन अल्बम पूर्ण” म्हणणारं होतं. वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत. खिशात, बंद करून, हे चालत नाही, हात आपोआप जातो. कामाची वाट बघणारं एक माणूस असावं, नातू, शेजारी, बहीण, कुणीही. रात्री झोपताना छोट्या डायरीत एक ओळ लिहावी, आज काय झालं. पूर्वी कॅश जुळल्याशिवाय शाखेचं दार बंद होत नसे. दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलोय. दिवसाच्या शेवटी त्यातलं दोन मिनिटांचं इमान आपल्या स्वतःच्या दिवसाला दाखवायला हरकत नाही. आणि एखाद्या दिवशी ओळ कोरी राहिली तर राहू द्या. चुन्याचा थर आहे, दुसऱ्या दिवशी खरवडायचा.

वर्षभर रोज एक तास म्हणजे आठ तासांची ४५ दिवसांची हजेरी. त्यात एका घराचे सगळे फोटो, एका आजीच्या सगळ्या ओव्या, एका पोराचं एका वर्षाचं गणित सहज होतं. राजपुऱ्यातल्या आणि बाहेर गेलेल्या आपल्या वीस घरांनी एकेक काम धरलं तर पुढच्या दिवाळीला आपल्याकडं जे असेल, ते कुठल्याही सरकारी दफ्तरात मिळणार नाही.

म्हणून मंडळी, या पोस्टखाली “खूप छान”, “अप्रतिम”, हात जोडलेली चित्रं नकोत. आपण कोणतं एक काम घेतोय, कुठल्या वारी, किती वाजता, आणि कधीपर्यंत, एवढं एका ओळीत लिहा. वहिनींनी, ताईंनीही लिहावं, आणि त्यांच्या ओळीखाली घरातल्या पुरुषानं लिहावं की त्या वेळेत घरातलं कोणतं काम तो करणार आहे.

मी ही यादी डायरीत उतरवून घेणार आहे. दिवाळीनंतर एकेकाला फोन करून विचारीन. वसुलीची सवय जुनी आहे, सुटत नाही.

आपला,
राजपुरा, बऱ्हाणपूरचा एक निवृत्त बँकवाला